दर्या आणि दऱ्या

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, इथले मूळचे आगरी-कोळी बांधव सोडले, तर नव्या मुंबईत आपण बहुतेकजण कुठून तरी सामान बांधून आलेलो आहोत. मी नेरूळला सिडकोच्या घरात राहायला आलो, तेव्हा इमारतीतल्या सगळ्या घरांचा साचा एकच होता. वर्षभरात एक घर दुसऱ्यासारखं राहिलं नाही. कुणी खिडकीला ग्रील लावली, कुणी माळा घातला, कुणी ओटा उंच करून घेतला. आज मी अशाच एका खिडकीबद्दल बोलणार आहे. ती भिंतीत नाही, संगणकात आहे. तिला ब्राऊजर म्हणतात. मराठीत कुणीतरी ‘न्याहाळक’ असा शब्द काढला. शब्द चांगला आहे, पण दुकानात जाऊन मागितला तर दुकानदार आपल्यालाच न्याहाळत बसतो!

मी बी.ए. झालेला माणूस. पोटासाठी तुर्भ्याच्या मसाला बाजारात एका पेढीवर हिशेब लिहितो आणि उरलेल्या वेळात कविता. संगणकाशी माझा संबंध आला तो २००५ च्या पावसामुळे. २६ जुलैला आमच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरलं आणि कवितांच्या वह्या भिजल्या. त्या वाळवल्या, पण शाई फुटली होती. जे वाचता येत होतं ते तरी वाचवावं म्हणून जुना संगणक विकत घेतला आणि एकेक कविता टाईप केली. तेव्हा महाजालावर निघणारं एक मराठी मासिक होतं. त्यांनी आपला फॉन्ट पाठवला आणि माझ्या कविता छापायला सुरुवात केली. बुरशी धरलेल्या वह्या मी पुढे टाकून दिल्या. कविता आता जगभर दिसतात, मग वह्या हव्यात कशाला, असा माझा हिशेब. हिशेबनीस माणसाचा हिशेब चुकला तो असा.

२००६ च्या सुरुवातीला माझी समुद्रावरची एक कविता तिथं आली. माझे थोरले भाई कुवेतमध्ये नोकरीला होते. त्यांचं शिक्षण म्हसळ्याला, मराठी शाळेतलं. मी मोठ्या हौसेनं त्यांना फोन केला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, ‘‘अरे, कविता कुठे आहे? इथं तर इंग्रजी अक्षरांच्या मुंग्या फिरतायत!’’

असं का झालं, ते थोडं सांगतो. त्या काळी बहुतेक मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग होतं. संगणक आत इंग्रजी अक्षरंच साठवायचा, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवायचा. प्रत्येकाचा मुखवटा वेगळा. वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसेल, तर आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडायची. यावर संकेतस्थळांनी एक तोड काढली. पानाबरोबर फॉन्टही आपोआप पाठवायचा. पण त्याची जी तऱ्हा इथं रूढ झाली, ती इंटरनेट एक्सप्लोरर या एकाच ब्राऊजरला कळत होती. म्हणजे मराठी वाचायचं तर खिडकी एकच! भाईंच्या मुलाने घरच्या संगणकावर दुसरा ब्राऊजर घातला होता. त्याचं नाव फायरफॉक्स. त्यात आम्ही मुंग्या झालो होतो.

फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ ला आली. मोझिला या ना-नफा संस्थेने तो काढला. त्याचा आतला मजकूर कुणालाही पाहता येई, बदलता येई. सर्वात मोठी सोय म्हणजे त्याला जोडण्या लावता येत. इंग्रजीत त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. मूळ ब्राऊजर सगळ्यांना सारखा, सिडकोच्या घरासारखा. ग्रील, माळा आपापल्या गरजेचा. आणि या जोडण्या जगात कुठेही बसलेली माणसं आपल्या अडचणीपोटी बनवत.

पुतण्याने शोधून काढलेल्या जोडणीचं नाव होतं ‘पद्मा’. भारतीय भाषांतले असे मुखवट्यांचे फॉन्ट ओळखायचे आणि मजकूर युनिकोडमध्ये आणून दाखवायचा, हे तिचं काम. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक. देवनागरीला ते स्थान १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. ‘कि’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी यायची, कारण ती डोळ्याला आधी दिसते. युनिकोडमध्ये ती ‘क’च्या नंतर येते, कारण उच्चारात ती नंतर आहे. रफाराचं नेमकं उलटं. तेव्हा नुसती अक्षरं बदलून भागत नाही, त्यांना पुन्हा रांगेत उभं करावं लागतं.

त्या रात्री भाईंनी फोनवरून माझी कविता मला वाचून दाखवली. आमच्या घरातल्या माणसाच्या तोंडून माझी कविता मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मध्येच ते थांबले. म्हणाले, ‘‘सगळं छान आहे, पण तू दऱ्या कशाला आणल्यास? आपल्या गावाला तर दर्या आहे!’’

चूक माझीच होती. टाईप करताना रफाराऐवजी अर्ध्या ‘र’ची, म्हणजे ‘ऱ’ची कळ दाबली गेली होती. संपूर्ण समुद्राच्या डोंगरदऱ्या झाल्या होत्या आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, मासिकाच्याही नाही. आमच्या घरात उर्दू वाचणाऱ्यांना एका नुक्त्याची किंमत माहीत असते. मराठीतल्या नुक्त्याची किंमत मला भाईंनी शिकवली. मासिकाने पान दुरुस्त केलं. भाई म्हणाले, ‘‘ही पानं उतरवून ठेव. दुसऱ्याच्या घरात ठेवलेलं सामान आपलं नसतं.’’ मी ती एका सीडीवर उतरवली.

मग मीही खिडकी बदलली. जुन्या ब्राऊजरमधल्या पानांच्या खुणा नव्यात आपोआप आल्या. अडचणी होत्याच. काही कामाची संकेतस्थळं एक्सप्लोररशिवाय उघडतच नसत, म्हणून कित्येक वर्षं दोन्ही ठेवले. दोन घरांचं भाडं भरल्यासारखं.

२०१६ साली भाई गेले. त्यानंतर दीड-दोन वर्षांनी एका रात्री मला ती कविता पाहावीशी वाटली. मासिक बंद पडून संकेतस्थळ नाहीसं झालं होतं. सीडी काढली, पान उघडलं. पुन्हा मुंग्या! पद्मा चालत नव्हती. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या सत्तावन्नाव्या आवृत्तीपासून फायरफॉक्सने जुन्या पद्धतीच्या सगळ्या जोडण्या बंद केल्या होत्या. ब्राऊजर वेगवान आणि सुरक्षित व्हावा हे कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण वह्या मी टाकलेल्या, मासिक गेलेलं, भाई गेलेले. मी तसाच बसून राहिलो.

तेव्हा आठवला माळा. पावसाळ्यानंतर घेतलेला तो जुना संगणक मी वर ठेवून दिला होता. खाली उतरवला, धूळ पुसली. कुरकुरत का होईना, सुरू झाला. बरेच दिवस महाजालाला जोडलेला नसल्यामुळे त्यातला फायरफॉक्स जुनाच राहिला होता आणि त्यात पद्मा जिवंत होती. रोज रात्री जेवणं झाल्यावर एकेक पान उघडायचं, मराठी झालं की उतरवून घ्यायचं, तपासायचं. असे बरेच महिने गेले. ‘दर्या’ मी सर्वात आधी उतरवली.

आज तो प्रश्न जवळजवळ संपला आहे. मराठी संकेतस्थळं युनिकोडवर आली, जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररही निवृत्त झाला. तरी खिडकीचं महत्त्व कमी झालेलं नाही. आजही ब्राऊजर बदलता येतो, जोडण्या लावता येतात. जाहिराती अडवणारी जोडणी मिळते, मराठी शुद्धलेखन तपासणारा शब्दकोश मिळतो. फायरफॉक्समध्ये देवनागरीसाठी आपल्या पसंतीचा फॉन्ट आणि अक्षराचा आकार ठरवता येतो. त्यासाठी तर जोडणीही लागत नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांनी हे जरूर करून पाहावं.

पण सुताराला घराची किल्ली देताना आपण विचार करतो, तसा इथंही करा. पुष्कळ जोडण्या ‘सर्व संकेतस्थळांवरची माहिती वाचण्याची’ परवानगी मागतात. म्हणजे बँकेचं पानही त्यात आलं. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाची क्रोमवरची एक लोकप्रिय जोडणी २०२० मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेली आणि २०२१ मध्ये घातक ठरवून गूगलने ती काढून टाकली. वापरणाऱ्यांनी घरात घेतला होता एक सुतार, किल्ली गेली दुसऱ्याकडेच. म्हणून जोडण्या मोजक्या ठेवा, लागत नाहीत त्या काढून टाका.

आणि जे स्वतःचं आहे, पत्रं, फोटो, हिशेब, कविता, ते उघडायला कुणा एकाचीच खिडकी लागेल असं ठेवू नका. साध्या युनिकोडमध्ये ठेवा, दोन ठिकाणी ठेवा, जमलं तर कागदावरही ठेवा. मी आता कविता पुन्हा वहीत लिहितो. वही माळ्यावर असते.

परवा पुतण्याचा कुवेतहून फोन आला. मी पाठवलेली कविता त्याने मोबाईलवर उघडली होती. कोणता ब्राऊजर, हे मी विचारलं नाही. एवढंच विचारलं, ‘‘काय दिसतंय?’’ तो म्हणाला, ‘‘दर्या.’’