नाव कुणाचे लिहायचे?

रायगड जिल्ह्यातले दिवेआगर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कोणी सुवर्णगणेशाच्या दर्शनाला गेले असेल, कोणी नुसते समुद्रासाठी. चारेक किलोमीटरचा सपाट किनारा, त्याच्या मागे सुरूचे बन आणि मग नारळी-पोफळीच्या वाड्या. पर्यटक सकाळी आठ-नऊला चहा घेऊन वाळूवर येतात, तोवर तिथले एक काम उरकलेले असते. ते काम करणाऱ्या मुलांविषयी मला आज बोलायचे आहे.

थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालायला आपल्या किनाऱ्यावर येतात. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत हे चालते. मादी रात्री भरतीरेषेच्या वर चढते, मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून तो बुजवते आणि उजाडण्याआधी समुद्रात निघून जाते. मागे उरतो फक्त तिच्या पायांचा माग. तो माग माणसाच्या आधी कुत्र्याला किंवा कोल्ह्याला दिसला, की घरटे संपले. म्हणून कोणीतरी पहाटे किनारा चालून जावे लागते. माग ओळखायचा, काठीने वाळूचा पोकळपणा अजमावायचा, अंडी एकेक करून उचलायची आणि जाळीने बंदिस्त केलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून ठेवायची. उचलताना अंडे उलटेपालटे होता कामा नये, आणि उशीरही होता कामा नये. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले वर येतात. ती समुद्राकडे सोडतात तेव्हा कॅमेरे घेऊन गर्दी जमते, पण त्याआधीच्या दोन महिन्यांत तिकडे फारसे कोणी फिरकत नाही.

या कामाची आपल्याकडची सुरुवात सावित्रीच्या खाडीपलीकडची. नाना फडणवीसांचे वेळास हे ते गाव. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांचा शोध घेत होते. तेव्हा त्यांना तिथे कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. तोवर सापडलेली अंडी खाल्ली किंवा विकली जात. संस्थेने गावातल्याच माणसांना बरोबर घेतले, २००६ पासून वेळासला कासव महोत्सव होऊ लागला, घराघरांत पाहुणे उतरू लागले. पुढे हरिहरेश्वर, दिवेआगर, मारळ या रायगडच्या किनाऱ्यांवरही घरटी राखली जाऊ लागली. आता वनखाते आणि कांदळवन कक्ष हे काम पाहतात. गावातल्या राखणदारांना ‘कासवमित्र’ म्हणतात, त्यांना हंगामापुरते मानधन मिळते.

पण एका कासवमित्राने चार किलोमीटर रोज चालायचे म्हटले तरी त्याला ताप येतो, त्याच्या घरी लग्न निघते. अशा वेळी त्याच्याबरोबर आणि त्याच्याऐवजी जातात ती गावातली मुले. कोणी बारावीतला, कोणी कॉलेजचा, कोणी आयटीआयचा. त्यांना मानधन नाही आणि कुठल्या कागदावर नावही नाही.

आपल्याकडे कौतुकाची एक ठरलेली पद्धत आहे. मांडव घालायचा, पाहुणा बोलवायचा, शाल आणि श्रीफळ द्यायचे. पाहुण्याची ओळख पंधरा मिनिटे, पाहुण्याचे भाषण पाऊण तास आणि मुलांचा सत्कार शेवटच्या पाच मिनिटांत, तोही ‘वेळेअभावी’ एकत्र. शाल पाहुण्यालाच अधिक किमतीची मिळते. कोकणात नारळ भेट द्यायचा हा तर प्रकारच मला गमतीचा वाटतो. ज्याच्या वाडीत शंभर माड उभे आहेत त्याला आपण समारंभपूर्वक एक नारळ देतो!

मागच्या हंगामात पहाटे किनाऱ्यावर जाणाऱ्या एका मुलाला मी विचारले, ‘गावाने तुमच्यासाठी काही करायचे ठरवले तर काय करावे?’ त्याने फारसा विचार न करता सांगितले, ‘लाल दिव्याची बॅटरी द्या.’ पांढऱ्या झोताने कासवीण बिचकते, अंडी न घालताच परत फिरते, म्हणून लाल उजेड लागतो. त्याने आपल्या बॅटरीवर लाल जिलेटीन कागद रबराने बांधला होता. नंतर थोडे थांबून तो म्हणाला, ‘आणि घरी कोणीतरी सांगा, की मी उनाडायला जात नाही.’

या दोन मागण्यांत मला सगळा विषय दिसतो. मुलाला साधन हवे आहे, आणि जे करतो ते काम आहे हे मोठ्यांनी मान्य करायला हवे आहे.

सरकारने ही मान्यता देण्याचा प्रयत्न केलेला नाही असे नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आपण तिला एनएसएस म्हणतो. दोन वर्षांत दोनशे चाळीस तास काम आणि सात दिवसांचे एक निवासी शिबिर अशी तिची मांडणी. प्रमाणपत्र मिळते, काही विद्यापीठांत सवलतीच्या गुणांचीही सोय आहे. काही जण नाक मुरडतात, ‘मुले गुणांसाठी येतात’ म्हणतात. येऊ देत की! गुणांसाठी आलेला मुलगा सात दिवस गावात राहतो, चुलीचा धूर खातो, तेव्हा त्यातला एखादा गुण विसरतो. बाबा आमट्यांनी १९६७ साली सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तिथे विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात मुले माती उपसायला गेली. त्यांच्यातून पुढे कितीतरी कामे उभी राहिली. मुले सुरुवातीला कशासाठी येतात यापेक्षा आल्यावर त्यांना खरे काम मिळते का, हे मला महत्त्वाचे वाटते.

तासांच्या हिशेबात मात्र एक अडचण आहे. दिवेआगरचा मुलगा कॉलेजसाठी श्रीवर्धनला किंवा म्हसळ्याला जातो. तिथे त्याने आवार झाडले तर ते तास धरले जातात. आपल्या गावच्या किनाऱ्यावर पहाटे चार किलोमीटर चालला ते कोण धरणार? कॉलेजांनी गावच्या नोंदीवर विश्वास ठेवला तर हे सहज होईल. त्यासाठी गावात आधी नोंद हवी.

मुलींचे तर आणखी वेगळे. पहाटे काळोखात किनाऱ्यावर पाठवायला घरचे तयार नसतात. त्या जाळीजवळ बसून वाळूचे तापमान टिपतात. वाळू उबदार असली तर माद्या अधिक निपजतात आणि थंड असली तर नर, म्हणून हे आकडे अभ्यासकांना हवे असतात. पण तापमान टिपणाऱ्या मुलीचा फोटो कोणी काढत नाही, आणि सत्काराची यादी फोटो पाहूनच होते.

आता थोडे धोक्याविषयी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले ते याच किनाऱ्यावर. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे नाव आहे. ती पोफळ फळायला सहा-सात वर्षे लागतात, आणि उभ्या बागाच गेल्या. रस्त्यांवर झाडे, तारा तुटलेल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्यात करोनाची टाळेबंदी. मुंबईहून परतलेली मुले आणि गावातली मुले कोयते, करवती घेऊन बाहेर पडली आणि वाट मोकळी करू लागली. हे मला थोर वाटते, आणि भयंकरही. वाकून अडकलेला माडाचा सोट कापताना उसळतो. तुटलेल्या तारेत वीज आहे की नाही हे पाहून कळत नाही. पायात स्लिपर घातलेल्या मुलाला आपण ‘शाब्बास’ म्हणतो, पण हातमोजे देत नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ साली सुरू झाली. तीत स्वयंसेवकाला प्रशिक्षण, बचावाच्या साहित्याचा संच आणि विमा देण्याची कल्पना आहे. कौतुक असे असावे. बुडणाऱ्या माणसाला वाचवणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची जीवन रक्षा पदके १९६१पासून आहेत, त्यांतली काही मरणोत्तर द्यावी लागतात. आमच्या किनाऱ्यावर पर्यटक बुडू लागला की गावचीच पोरे उडी घेतात. पदकाची शिफारस करण्याआधी त्या किनाऱ्यावर दोर आणि तरंगते कडे टांगलेले असावे, एवढी माझी मागणी आहे.

नोंदीने काय होते याचे एक उदाहरण सांगतो. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली एका मादीच्या पायाला क्रमांकाची धातूची पट्टी लावली होती. २०२५च्या जानेवारीत ती गुहागरला अंडी घालताना दिसली. बंगालच्या उपसागरातली कासवीण अरबी समुद्राच्या काठी येते, हे एका छोट्या आकड्यामुळे कळले. कोणीतरी तो लिहिला होता, आणि कोणीतरी वाचला.

दिवेआगरला तर लिहून ठेवण्याची परंपरा मोठी. तिथे मिळालेला शके ९८२चा, म्हणजे १०६० सालचा ताम्रपट मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. गावच्या व्यवहाराची नोंद तांब्यावर कोरणाऱ्या गावाला दोनशे पानी वही जड जाऊ नये. घरट्याजवळच्या पाटीवर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहितात, त्याखाली ते कोणाला सापडले त्याचे नाव लिहावे. वहीत रोज कोण चालले, कोणी तापमान टिपले, कोणी जाळी दुरुस्त केली ते यावे. आणि १ मेच्या ग्रामसभेत, हंगाम संपत आलेला असताना, ही पाने मोठ्याने वाचावीत. पाहुणा नको, शाल नको. आईवडील समोर बसलेले असतात, ते ऐकतील. प्रमाणपत्र द्यायचेच तर ‘सामाजिक कार्यात सहभागाबद्दल’ असे मोघम न लिहिता या वहीतली ओळच उतरवून द्यावी. नोकरी देणाऱ्यालाही त्यातून काही कळेल.

कारण ही मुले नोकरीसाठी जाणार आहेत, हे आपण धरून चालले पाहिजे. कासवाचे पिल्लू मोठे होऊन अंडी घालायला परत येईपर्यंत दहा-पंधरा वर्षे जातात. आज सहावीत असताना ज्याने पिल्ले सोडली तो तेव्हा पनवेलला किंवा पुण्याला असेल. शाबासकी दिली म्हणून तो थांबणार नाही, आणि तेवढ्यासाठी त्याने थांबावे असे मी म्हणणारही नाही. पण पहाटेचा रस्ता दरवर्षी नव्या मुलाला माहीत झाला पाहिजे, आणि त्याला तो कोणाला विचारायचा हे वहीत सापडले पाहिजे.

वही ठेवायची कुठे, हा प्रश्न राहतो. काही जण ग्रामपंचायतीत म्हणतील. माझे मत शाळेच्या बाजूने आहे. ग्रामपंचायतीच्या कपाटाची किल्ली दर पाच वर्षांनी हात बदलते, आणि शाळेत निदान पुढचा कासवमित्र रोज सकाळी आपण होऊन येतो.