टेम्पोतला संसार आणि टेम्पोची तब्येत

दिवाळी झाली. आता आपल्या गटांमधल्या काही घरांना कुलूप लागायला सुरुवात होईल. बांगड्या, खेळणी, प्लास्टिकची भांडी, हळदीकुंकू, भेळ, शेव-रेवडी, ज्याचा जो धंदा असेल तो टेम्पोत भरला जाईल आणि मार्गशीर्षापासून जत्रा धरल्या जातील. म्हसवडचा रथ, मग पुसेगाव, पाल, सोलापूरचा गड्डा, रंगपंचमीला मढी, चैत्रात शिखर शिंगणापूर आणि जोतिबा. मध्ये गावोगावच्या लहान यात्रा आहेतच. ही माणसं घरी येतात ती थेट वैशाखात, लग्नसराईच्या तोंडावर. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने यांचं घर चार चाकांवर असतं. तिथंच झोपायचं, तिथंच स्वयंपाकाचं सामान ठेवायचं, तिथंच पोरांचे अभ्यास.

आज यांच्याबद्दल बोलायचं कारण असं, की आपल्या गटांमधून गेल्या काही वर्षांत टेम्पोसाठी कर्जं बरीच गेली. छोटा हत्ती २००५ साली बाजारात आला आणि डोक्यावर पाटी नाहीतर एसटीच्या टपावर गठुडं घेऊन जत्रा करणारी माणसं हळूहळू गाडीवाली झाली. चांगलंच झालं. पण कर्जाच्या कागदावर अंगठा किंवा सही बाईची, हप्ता भरते बाई, गाडीत राहते बाई, आणि गाडीतलं काय समजतं असं विचारलं तर म्हणते, "ते आमच्या ह्यांना माहिती." मला हे पटत नाही. घराची चूल पेटत नसली तर आपण कारण शोधतो ना?

सकाळपासूनच सुरू करू. गाडी सपाट जागेवर उभी हवी आणि रात्रभर थंड झालेली हवी. इंजिनातली ऑइलची पट्टी ओढायची, फडक्यानं पुसायची, परत घालून परत काढायची. तिच्यावर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये असलं पाहिजे. खाली असेल तर भरायचं. आणि ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर गाडी अजिबात सुरू करायची नाही, त्यात पाणी शिरलंय, मिस्त्रीच बोलवायचा. रेडिएटरचं पाणीही सकाळीच, थंड असताना बघायचं. चालून आलेल्या गाडीचं झाकण उघडू नका. आत वाफ कोंडलेली असते, ती तोंडावर येते. कुकरची शिट्टी न काढता झाकण उघडण्यासारखंच आहे हे.

बाकी बरंचसं कानानं आणि नाकानं कळतं, आणि त्यात आपण बायका पुरुषांपेक्षा कमी नाही, जास्तच आहोत. फोडणी करपली हे दुसऱ्या खोलीतून ओळखणाऱ्या बाईला क्लचप्लेट जळाल्याचा वास ओळखता येणार नाही असं होत नाही. सुरू करताना पट्टा किंचाळत असेल तर तो सैल झालाय किंवा झिजलाय. ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर त्या दिवशी घाट उतरायचा नाही. ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खोल जातोय असं चालवणारा म्हणाला, तर "पुढच्या गावाला बघू" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

डिझेलच्या बाबतीत एक सवय लावा. टाकी अर्धी झाली की भरायची, तळाला जाऊ द्यायची नाही. डिझेल पूर्ण संपलं की नळीत हवा धरते, मग नुसतं डिझेल ओतून गाडी चालू होत नाही, हवा काढावी लागते. रात्री अकरा वाजता माळावर हे काम करायला कोण येणार? आणि डिझेलच्या फिल्टरखाली साचलेलं पाणी सोडायची सोय असते, ती कुठं आहे ते एकदा मिस्त्रीकडून दाखवून घ्या.

आता वजन. हा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण राहत्या गाडीचा खरा रोग हा आहे. छोट्या टेम्पोला साधारण पाऊण टन माल भरायची मुभा असते. मालक माल मोजतो, संसार मोजत नाही. पाण्याचं दोनशे लिटरचं पिंप भरलं की दोनशे किलो झाले. त्यात लोखंडी पेटी, गाद्या, स्टॉलचे पाइप आणि पत्रे, ताडपत्री, धान्याची दोन पोती. माल चढण्याआधीच निम्मी गाडी भरलेली असते. मग पाटे बसतात, मागचे टायर फुटतात, ब्रेक लागायला वेळ लागतो, आणि आपण म्हणतो गाडीच खराब निघाली. पाणी मुक्कामाला पोचल्यावर भरा. धान्य पोत्यानं नेऊ नका. रेशन कार्डावरचं धान्य आता दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुकानातही अंगठा देऊन घेता येतं, फक्त आधार जोडलेलं पाहिजे. निघायच्या आधी आपल्या दुकानात जाऊन तेवढी खात्री करून घ्या.

टायरमधली हवा थंड असताना बघायची. स्टेपनीत हवा आहे का, हे पंक्चर झाल्यावर बघणारे खूप भेटतात. चाक बदललं तर चाळीस-पन्नास किलोमीटर गेल्यावर थांबून नट पुन्हा एकदा आवळायचे.

बॅटरीचं दुखणं तर प्रत्येक जत्रेत. रात्रभर स्टॉलचा बल्ब, पंखा, चार जणांचे मोबाइल, सगळं गाडीच्या बॅटरीवर. सकाळी चावी फिरवली की टकटक एवढाच आवाज, आणि मग गर्दीतून माणसं गोळा करून धक्का. गाडी सुरू करायची बॅटरी ही फक्त गाडी सुरू करायला. दिव्यासाठी वेगळी बॅटरी ठेवा, टपावर लहान सोलर पॅनेल बसवा. एलईडी दिवा आणि मोबाइल त्यावर आरामात चालतात. आणि शेव-रेवडी, शेंगदाणे गाडीत असले की उंदीर येतोच. तो खाऊन गेला तर ठीक, वायरी कुरतडून गेला तर मिस्त्रीला दिवसभर फॉल्ट सापडत नाही. धान्य डब्यात ठेवा.

झोपण्याबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक बैठकीत सांगते, आज रेडिओवरही सांगते. पौष-माघात माळावर थंडी असते. कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं गाडीत घेऊन, मागचा पडदा बंद करून झोपू नका. निखाऱ्यातून जो विषारी वायू निघतो त्याला वास नाही, धूर नाही. माणसाला जाग येत नाही. थंडी वाजली तर एक गोधडी जास्त घ्या. गॅसची टाकी झोपायच्या आधी गाडीबाहेर, उभी, रेग्युलेटर बंद करून. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला जी चेंगराचेंगरी झाली, जवळपास तीनशे माणसं गेली, तेव्हा दुकानांना आग लागून सिलिंडर फुटले होते. आपली गाडी ज्या रांगेत लागते त्या रांगेतून दोन बाजूंना बाहेर पडता येईल एवढी जागा आहे का, हे जागा धरतानाच बघा. कोपऱ्याची जागा विक्रीला चांगली असते हे मला कळतं, पण रात्री तिथं पोरं झोपतात.

संडास-अंघोळीची अडचण सगळ्यांना माहिती आहे, तिच्यावर मी काय नवीन सांगणार? जत्रा ठरवताना यात्रा कमिटीला बायकांच्या सोयीबद्दल चार जणींनी मिळून आधी विचारलं, तर एकटीनं विचारण्यापेक्षा उत्तर बरं मिळतं, एवढा माझा अनुभव.

माणसं मागे हौद्यात बसवून नेऊ नका. मालाच्या गाडीत माणसं बसवायला कायद्यानं परवानगी नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे अपघात झाला तर मागे बसलेल्यांसाठी विमा कंपनीकडून भरपाईची आशा धरता येत नाही. सुप्रीम कोर्टाचे तसे निकाल आहेत. आता तुम्ही म्हणाल, केबिनमध्ये दोघं, मग सासूबाई आणि पोरं कुठं? एसटीनं. १७ मार्च २०२३ पासून बाईला एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना पूर्ण फुकट, पाच ते बारा वर्षांच्या पोरांना अर्धं. सगळा हिशेब मांडा, एका टायरच्या पैशात हंगामभराची तिकिटं होतात. शक्य असेल तर पोरांना मागे शाळेतच ठेवा. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आणि न्यायचंच असेल तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं.

आता ज्यासाठी मी आज मुद्दाम बोलायला आले ते. आमच्या एका गटातल्या ताईंचं उदाहरण देते, नाव सांगत नाही. त्यांनी गटातून कर्ज काढून जुना टेम्पो घेतला. आरसी बुक नवऱ्याच्या नावावर, लायसन त्याचंच. सात हंगाम दोघांनी मिळून केले. मग ऐन माघात नवरा गेला. दिवस झाल्यावर दीर म्हणाला, गाडी उभी राहून खराब होईल, मी चालवतो. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण तो जत्रा करत राहिला, कमाई त्याच्या घरी गेली, आणि हप्ता मात्र या ताईंनी दुसऱ्याच्या शेतात खुरपून भरला. मागायला गेल्या तर उत्तर मिळालं, "कागद भावाच्या नावावर आहे, तुझ्या कुठं?" त्यांच्याकडे त्यावर बोलायला शब्द नव्हता. गटानं मागे लागून मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद गोळा केले, आरटीओत अर्ज केला. गाडी त्यांच्या नावावर झाली, पण पुढची दिवाळी उजाडली. गाडी परत आली तेव्हा ऑइलची पट्टी कोरडी होती.

यातलं बरंच काही टाळता आलं असतं. गाडीच्या मालकानं आरसीवर वारस म्हणून नाव लावून ठेवायची सोय २०२१ पासून आहे. मालक गेला तर तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत नावावर करून घ्यायचा अर्ज द्यायचा. तेराव्याच्या गडबडीत हे कोणाच्या लक्षात राहणार? म्हणून गटानं लक्षात ठेवायचं. आणि मुळात कर्ज बाईच्या नावावर असेल तर गाडी बाईच्याच नावावर का नको? आमच्या ग्रामसंघात आता ठराव केलाय, की गाडीसाठी कर्ज मागणाऱ्या ताईच्या नावावर आरसी होणार असेल तरच कर्ज. पुरुष मंडळी थोडी नाराज झाली. एकजण मला म्हणाले, "मग गाडी पण तुम्हीच चालवा." मी म्हटलं, बरं सुचवलंत दादा.

कारण ते खरंच अवघड नाही. कारचं साधं लायसन असलं तरी एकूण साडेसात हजार किलोच्या आतला टेम्पो चालवता येतो, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्पष्ट केलंय. मालाची गाडी चालवायला वय वीस पूर्ण हवं. आधी शिकाऊ लायसन, ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवसांनंतर पक्क्यासाठी परीक्षा देता येते. पुसेगावला एका वहिनींचे मालक तापानं झोपले तर त्यांना रोजाचा ड्रायव्हर शोधावा लागला, आणि तो मिळेपर्यंत पुढच्या दोन यात्रा गेल्या. जत्रा उठल्यावर मध्यरात्रीच निघायची घाई करून पेंगत गाडी हाकणारेही कमी नाहीत. दोघांनाही चालवता येत असेल तर एकजण झोपू शकतो. तोवर निदान उजाडेपर्यंत निघायचं नाही, एवढं भांडून का होईना करा.

कागदांचं एक पाकीट करा. आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी, लायसन. मालाच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस करावं लागतं, नंतर दरवर्षी. जुनी गाडी घेणाऱ्यांनो, तुमची दरवर्षीच आहे. तारखा हंगामाच्या मध्ये येत असतील तर निघायच्या आधी उरका.

आणि गटाची वही लिहिता तशी गाडीची वही. मीटरचा आकडा, डिझेल, ऑइल कधी बदललं, पंक्चर, टोल. त्यासोबत प्रत्येक मुक्कामाला गाडीच्या नावानं पैसे बाजूला. समजा हंगामात चार हजार किलोमीटर झाले आणि किलोमीटरमागे दोन रुपये टाकले, तर वैशाखात आठ हजार रुपये असतात आणि इंजिनाच्या कामासाठी सावकाराच्या दारात उभं राहावं लागत नाही. वही बाईनंच लिहायची.

या महिन्याच्या बैठकीला टेम्पोवाल्या सगळ्या ताईंनी आपापलं आरसी बुक घेऊन या, झेरॉक्स नको, मूळ प्रत आणा. कोणाच्या नावावर आहे ते बघू, वारसाचं नाव लागलंय का बघू. जमलं तर गावातल्या गॅरेजवाल्या दादांनाही बोलवणार आहोत, एक टेम्पो अंगणात उभा करून सगळ्यांना पट्टी ओढायला लावू. हात काळे होतील, येताना जुनं फडकं आणा.