कॉलेज, कारखाना आणि कामगार



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी समोर बसून ऐकावे, असा रिवाज आहे. आमचे शिक्षण झाले ते मागाच्या खडखडाटात आणि युनियनच्या कचेरीत. तरीही अभियांत्रिकी शिक्षणाचा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. कॉलेज आणि कारखाना यांनी हातमिळवणी करावी, असे आज सगळीकडे सांगितले जाते. ते योग्यच आहे. पण या कामात तिसराही एक हात आहे आणि त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही.

ही हातमिळवणी आपल्या मुलखाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. पुढे बेळगावास येऊन त्यांनी लोखंडी नांगर केले. तिथली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे शिक्षकच कारखानदार झाला! पण त्यांच्या पहिल्या सोबत्यांत अनंतराव फळणीकर होते. शाळा अर्धवट सुटलेला हा माणूस कारखान्यातच कल्पक यंत्रज्ञ झाला. पुढे १९४७ साली धोंडूमामा साठ्यांनी सांगलीत इंजिनिअरिंग कॉलेज काढले. तेच आजचे वालचंद कॉलेज. दोन्ही चाके जिल्ह्यात आहेत. प्रश्न आहे तो त्यांना जोडणाऱ्या आसाचा.

तो आस कुठे सापडेल, ते आपल्या विट्याच्याच यंत्रमागावर पाहू. धोटा सुटण्याची वेळ आणि ताण्याच्या धाग्यांची उघडझाप जुळली नाही, तर धोटा बाहेर उडतो आणि शेजारच्या माणसाला लागतो. ही वेळ कशी चुकते, त्याचे गणित पदवीधर मुलगा मांडू शकतो. आमचा जॉबर गणित मांडत नाही. तो मागाचा आवाज ऐकतो आणि दोष कुठे आहे ते सांगतो. एकाला कारण ठाऊक, दुसऱ्याला खूण ठाऊक. दोघे एका मागापाशी उभे राहिले, तर त्यातून नवा माग निघेल. पण ते भेटतात कुठे? विद्यार्थी कारखान्यात येतो, मालकाच्या खोलीत चहा घेतो, प्रमाणपत्रावर सही घेतो आणि जातो.

दुसरी तऱ्हा याहून वाईट. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. १९७३ साली पदवीधर अभियंतेही त्यात आले. या कायद्याने शिकाऊ हा कामगार नव्हे, विद्यार्थी ठरतो. हेतू चांगला. परंतु एका कारखान्यात आम्ही पाहिले, की कायम कामगाराच्या जागी शिकाऊ मुले उभी केली होती. वर्षभर एकच बटण दाबून मुलगा शिकला काय? आणि ज्याची जागा गेली, तो त्याला शिकवील कशाला?

इथे आमचाही दोष कबूल केला पाहिजे. जुना जॉबर आपली खुबी झाकून ठेवतो. ती सांगितली तर उद्या आपली गरज उरणार नाही, ही त्याला धास्ती. ही धास्ती उपदेशाने जात नाही; नोकरीच्या हमीने जाते.

जर्मनीत कारागिरांच्या शिक्षणासाठी १९६९ साली कायदा झाला. तिथे परीक्षा मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने बसतात, शिवाय शिक्षकही असतो. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली, पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला पदवीचा आग्रह न धरता प्राध्यापक म्हणून नेमण्याची वाट मोकळी केली. मात्र त्या वाटेने वरिष्ठ अधिकारीच जावेत, असा कल दिसतो. पंधरा वर्षे माग दुरुस्त करणारा जॉबर तज्ज्ञ नव्हे काय?

म्हणून आमचे मागणे तीनच आहे. कॉलेज आणि कारखाना यांच्या करारावर कामगारांच्या प्रतिनिधीचीही सही असावी. शिकाऊ मुलाला कायम कामगाराच्या जागी लावू नये. आणि जो कारागीर शिकवील, त्याला त्या वेळेचा पगार मिळावा व वर्गात खुर्ची मिळावी.

या सभेत कॉलेजात जाणारी मुले आहेत आणि त्यांचे वडील मागावर आहेत. मुलाने आज घरी गेल्यावर वडिलांना एकच प्रश्न विचारावा, की माग बिघडला हे तुम्हाला कसे कळते? या सहकार्याचा पहिला धडा तिथेच सुरू होईल.