बाळाच्या वाटीत चमचाभर तूप
(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर तुपाची गोष्ट कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. पण जो मेंदू घेऊन मूल पहिलीच्या वर्गात येते, त्याची बरीचशी बांधणी पहिल्या दोन वर्षांतच होऊन गेलेली असते. तेव्हा ते मूल आम्हा शिक्षकांच्या हाती नसते, आपल्या हाती असते.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचे दूध पुरते. वरचे पाणीही लागत नाही. या दुधातली जवळजवळ निम्मी ऊर्जा स्निग्ध पदार्थातून येते. सहा महिने पूर्ण झाले की दूध चालू ठेवून वरचे अन्न सुरू करायचे. दूध दोन वर्षांपर्यंत पाजावे, हे आपणांस नवे नाही. सूरह बकरामध्ये पूर्ण दोन वर्षांचा उल्लेख आहे. आपले चुकते ते वरच्या अन्नात. आपण देतो काय? वरणाचे पाणी, भाताची पेज, मटणाचा पातळ शोरबा. सात-आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम दीड वाटी मावते. ती पाण्याने भरली की बाळ तोंड फिरवते आणि दादी म्हणते, "पेट भर गया उसका." पोट भरले खरे, पण वाढीला लागणारे त्यात काही गेले नाही.

आता थोडा हिशेब पाहू. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय दिवसाला सुमारे २०० उष्मांक लागतात. वर्षानंतर हीच गरज ५५० च्या घरात जाते. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून ४ उष्मांक मिळतात, एक ग्रॅम तुपातून ९. चहाचा एक लहान चमचा तूप म्हणजे सुमारे ४० उष्मांक, आणि त्याने वाटी काही मोठी होत नाही. शिवाय गाजर-पालकातले अ जीवनसत्त्वाचे घटक स्निग्धांशाबरोबरच अंगी लागतात.

आमच्या लहानपणी तुपाची बरणी उंच फळीवर असे. ती बाळंतिणीसाठी उतरे, पाहुण्यांसाठी उतरे, परीक्षेला बसणाऱ्या मुलासाठी उतरे. रांगणाऱ्या बाळासाठी उतरलेली मला आठवत नाही. आणि बाळ मुलगी असेल तर विचारायलाच नको. आज फळी गेली, फ्रीज आला. बरणीचा नियम किती घरांत बदलला, हे आपणच आठवून पाहावे.

आपला भाग दुभत्या जनावरांचा. देवणी गाय लातूरची, लाल कंधारी नांदेडची. तरीही गंजगोलाईत तुपाचा भाव ऐकून परत फिरणारी आई मी ओळखते. तिला माझे सांगणे एवढेच, की तूपच हवे असे नाही. घरात भाजीला जे शेंगदाण्याचे, करडईचे किंवा सोयाबीनचे तेल असते, त्याच्या चमच्यातही तेवढीच ऊर्जा आहे. ज्याला तूप परवडत नाही त्याचे बाळ त्यावाचून अडत नाही.

वनस्पती तुपाची गोष्ट मात्र वेगळी. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि ताडाचे झाड असलेला पिवळा डबा घरोघर पोहोचला. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना जी ट्रान्स चरबी तयार होते ती हृदयाला घातक आहे. १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात ती २ टक्क्यांहून अधिक नसावी असा देशात नियम आहे. तरी सुटे, बिननावाचे वनस्पती बाळाच्या वाटीत नको.

करायचे ते सोपे आहे. दोन भाग तांदूळ किंवा ज्वारीची कणी, एक भाग मुगाची डाळ, मऊ शिजवून घोटावी. चमचा तिरपा केला तरी ओघळू नये इतकी दाट असावी. उतरवल्यावर आधी पाव चमचा, मग आठवडाभरात वाढवत एक चमचा तूप किंवा तेल घालावे. शोरब्याऐवजी मऊ शिजवलेला बिनमिरचीचा खिमा कुस्करून द्यावा. लोह त्या मांसात आहे, वरच्या पाण्यात फार थोडे. नुसते तूप म्हणजेही अन्न नव्हे, त्यात ना प्रथिने ना लोह. शेंगदाणे द्यायचे तर बारीक कूट करूनच. आख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो.

एका गोष्टीची भीती वाटते म्हणून स्पष्ट बोलतो. बाळाला पायांवर आडवे घेऊन, नाक दाबून तूप किंवा तेल ओतू नका, नाकातही घालू नका. ते फुफ्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. "घी से खाँसी होती," असे आपल्याकडे म्हणतात. असल्या ओतण्यानंतर येणाऱ्या खोकल्यावरूनच कदाचित हे म्हणणे निघाले असेल. वाटीत कालवलेल्या तुपाचा तो दोष नाही. नवजात बाळाला तूप-मध चाटवू नये, आणि मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत नकोच.

ताप, जुलाब आले की आधी तूप बंद, मग खिचडी बंद, असे आपण करतो. जुलाबात डॉक्टरांना दाखवा, मीठ-साखरेचे ओआरएस पाजा, पण अन्न बंद करू नका. थोडे थोडे, वरचेवर द्या. आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचे द्या, चमचाभर तुपासह.