काचसफाईच्या धंद्यास जलझोताची जोड



मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांत गेल्या काही दशकांत घरबांधणीचे जे नवे वळण पडले, त्यात लाकडी झडपांच्या आणि लोखंडी गजांच्या खिडक्यांची जागा ॲल्युमिनियमच्या सरकत्या तावदानांनी घेतली, कचेऱ्यांच्या दर्शनी भिंती नखशिखान्त काचेच्या झाल्या, आणि या पालटाबरोबरच काचा स्वच्छ करून देण्याचा एक लहानसा, परंतु प्रतिष्ठेने करता येण्याजोगा धंदा आपल्या डोळ्यांदेखत उभा राहिला. तीन-चार माणसे, एक दुघडी शिडी, बादल्या, फडकी आणि रबरी पात्याचे स्क्वीजी एवढ्या सामग्रीवर अनेक होतकरू तरुण आज आपला प्रपंच चालवीत आहेत. अशा तरुणाला त्याचीच गिऱ्हाइके एक ना एक दिवस विचारतात की, काचा तर लख्ख झाल्या, आता आवारातले पेव्हर ब्लॉक, जिन्याखालची फरशी आणि शेवाळाने काळवंडलेली बाहेरची भिंतही तुम्हीच धुऊन द्याल काय? बाजारात दाबाच्या पाण्याची यंत्रे, ज्यांना कामगार ‘प्रेशर मशीन’ किंवा ‘जेट मशीन’ म्हणतात, सहज मिळू लागल्यामुळे या प्रश्नास तत्काळ होकार देण्याचा मोह होतो. तो होकार कोणत्या तयारीनिशी द्यावा, याचा विचार मला आज आपणापुढे मांडावयाचा आहे.

माझे मत आरंभीच सांगतो. ही जोड अवश्य द्यावी. मात्र काचेच्या कामात अंगी बाणलेली सावधगिरी जो यंत्राच्या कामातही पाळू शकेल, त्यानेच ती द्यावी.

काच पुसणे हे वरवर पाहणाऱ्यास कोणालाही जमणारे काम वाटते. परंतु 1936 साली अमेरिकेतील ओकलंड येथे एत्तोरे स्तेक्कोने या इटालियन स्थलांतरिताने, त्या काळी रूढ असलेल्या जड, बहुस्क्रू पोलादी हत्याराऐवजी एकाच रबरी पात्याचा हलका पितळी स्क्वीजी प्रचारात आणला, आणि त्याचा घाट आजही जवळजवळ तसाच टिकून आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे दिसून येते की, या धंद्यातील सुधारणा जोर वाढविण्याच्या दिशेने नव्हे, तर जोर कमी लागावा या दिशेने झालेली आहे. कसबी कामगार कोरड्या काचेवर कधीही फडके घाशीत नाही, कारण वाळूचा एखादा कणदेखील तिच्यावर कायमचा ओरखडा उमटवितो हे त्याला ठाऊक असते; तो आधी काच भिजवितो, मळास मऊ होण्याची सवड देतो, मग रबराची धार एका लयीत फिरवितो आणि कडेला उरलेले पाणी कोरड्या फडक्याने टिपून घेतो. समोरचा पदार्थ जेवढे सोशील तेवढाच उपाय करावयाचा, हा या कामाचा मूलमंत्र होय.

आता यंत्राकडे वळू. गरम पाण्याचे दाबयंत्र जर्मनीतील कार्चर कंपनीने 1950 साली बाजारात आणले आणि पुढे थंड पाण्यावर चालणारी लहान यंत्रे घरगुती वापरातही आली. त्यांचे तत्त्व साधे आहे. नळाचे पाणी पंपात शिरते, पंपातील दट्टे ते रेटून पुढे ढकलतात, आणि नोझलच्या बारीक तोंडातून बाहेर पडताना त्या दाबाचे वेगात रूपांतर होते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 1 बार. म्हणजे दहा मजली इमारतीच्या गच्चीवरील टाकीतून तळमजल्यावर उतरलेल्या नळास सुमारे 3 बार दाब मिळतो. लहानातले लहान जेट मशीन 100 बारच्या आसपास चालते. त्या दाबाचे पाणी, गणिताने पाहिले तर, सेकंदाला सुमारे 140 मीटर, म्हणजे ताशी 500 किलोमीटरच्या वेगाने सुटते. इतक्या वेगाची धार मळ आणि मळाखालचा पदार्थ यांत भेद करीत नाही. तो भेद यंत्र धरणाऱ्याच्या हातालाच करावा लागतो.

म्हणून पहिली विद्या शिकावयाची ती पृष्ठभाग ओळखण्याची. सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, काँक्रीटचा रस्ता, शहाबादी फरशी ही पुष्कळ सोसतात. तरी ब्लॉकांच्या सांध्यांतील वाळू उडून गेली तर ते डुगडुगू लागतात. रंगाचा पापुद्रा सुटलेली भिंत धुतली असता शेवाळाबरोबर रंगही उतरतो, आणि रंगकामापूर्वीची धुलाई असेल तरच ते इष्ट ठरते. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या गिलाव्यास किंवा कोकण-गोमंतकातील जांभ्याच्या चिऱ्यास या झोताने कायमची इजा होते. कारण चिऱ्याची सच्छिद्र काया पाणी आत ओढून घेते आणि पृष्ठभाग भुसभुशीत होऊन झडू लागतो. काळा पाषाण स्वतः टणक खरा, परंतु त्याच्या दरजांतील चुना टणक नसतो. दक्षिण मुंबईतील एकोणिसाव्या शतकातील इमारतींत कोरीव कामास वापरलेला पोरबंदरी दगड तर चुनखडीचाच. अशा इमारतींपैकी अनेक 1995 च्या वारसा नियमावलीपासून संरक्षित आहेत आणि तेथील सफाई हा जाणकार संवर्धकांचा अधिकार आहे. लहान धंदेवाल्याने तेथे नम्रपणे नकार द्यावा, यातच त्याची प्रतिष्ठा आहे.

नोझलांचे रंगही याच विवेकाची खूण आहेत. लाल नोझलातून धार सरळ सुईसारखी सुटते, पिवळ्यातून ती 15 अंशांत पसरते, हिरव्यातून 25, पांढऱ्यातून 40 अंशांत, आणि काळे नोझल अल्प दाबाने साबण फवारण्यासाठी असते. धार जितकी पसरट आणि नोझल जितके दूर, तितका तिचा आघात सौम्य. यास्तव पांढऱ्यापासून आरंभ करावा, हातभर अंतर राखावे, कोपऱ्यातील तीन फूट चौरस जागेवर नमुना धुऊन तो वाळू द्यावा, मालकास दाखवावा आणि त्याची संमती घेऊन मगच पुढे जावे. सर्वत्र दाबच हवा असेही नाही. भिंतीवरील जिवंत शेवाळास योग्य औषध अल्प दाबाने लावून, ते मरेपर्यंत थांबून, मग साध्या पाण्याने धुणे हे बहुधा अधिक टिकाऊ ठरते, कारण नुसत्या झोताने उडालेल्या शेवाळाचे बीजाणू भिंतीच्या रंध्रांत तसेच राहतात.

आणि खुद्द खिडकी? तिच्यावर हा झोत कदापि सोडू नये. सरकत्या तावदानांच्या चौकटीभोवतीची रबरी पट्टी आणि सिलिकोनची भर पावसाचे पाणी अडविण्यासाठी असते, 100 बारचे नव्हे. झोताचे पाणी खाचेतून, निचऱ्याच्या भोकांतून उलट्या दिशेने घरात शिरते, पडदे आणि फर्निचर भिजविते. गच्चीवरील सौर तावदानांसही हाच निषेध लागू आहे. तेथे मऊ ब्रश आणि क्षारविरहित पाणीच योग्य. कामाचा क्रमही ठरलेला असावा: वरून खाली, आधी भिंत आणि छज्जे, मग आवार, आणि सर्वांत शेवटी काचा. या शेवटच्या पायरीतच दोन्ही कामे एका हाती असण्याचा खरा लाभ आहे; केवळ धुलाई करणारा ठेकेदार भिंतीचे शिंतोडे काचांवर ठेवून निघून जातो, पण काचेचा कारागीर ते पुसून इमारत अखंड स्वच्छ करून देतो.

माणसाच्या सुरक्षिततेविषयी मी अधिक कळकळीने बोलणार आहे, कारण दगडाच्या जागी दुसरा दगड बसविता येतो, माणसाच्या जागी माणूस बसविता येत नाही. काचेच्या कामात शिडी ही नित्याची सोबतीण असते. धुलाईत तीच वैरीण ठरते. मिनिटाला 15 लिटर पाणी 200 बारने सोडणारे यंत्र झोताची गन धरणाऱ्यास जवळजवळ 5 किलोच्या जोराने मागे रेटते, आणि खटका दाबताच हा रेटा एकाएकी येत असल्यामुळे शिडीवरील माणसाचा तोल जाण्यास तेवढे पुरते. तेव्हा लांब दांडा लावून जमिनीवरून किंवा बंदिस्त मचाणावरून काम करावे, आणि दोरीवरचे किंवा झुल्यावरचे उंचीचे काम रीतसर शिक्षण घेतलेल्यांवर सोपवावे. झोत कातडी भेदून पाणी शरीरात घुसवू शकतो. बाहेरून बारीकसे छिद्र दिसते आणि आत मात्र जंतुसंसर्ग पसरतो, म्हणून अशी जखम झाल्यास दुखणे वाढण्याची वाट न पाहता तत्काळ इस्पितळ गाठावे आणि जखम कशाने झाली ते वैद्यांस स्पष्ट सांगावे. ओल्या जमिनीवर विजेची तार पसरलेली असल्याने यंत्रास अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा 30 मिलिॲम्पियरचा स्विच असल्यावाचून ते सुरू करू नये. शेवटचा इशारा सफाईच्या द्रव्यांविषयी. डाग हटत नाही म्हणून ॲसिड आणि ब्लीचिंगचे द्रावण एकत्र करण्याची घातक चाल पुष्कळ ठिकाणी आढळते. या मिश्रणातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो, आणि कोंदट जिन्यात किंवा तळघरात तो प्राणावर बेतू शकतो.

पाण्याचा प्रश्न तर महाराष्ट्रात कोणासही टाळता येणार नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पहिल्या खेपेस पाच लाख लिटर पाणी लातुरास पोहोचवावे लागले, हे आपणांपैकी अनेकांस स्मरत असेल. मिनिटाला 7 लिटर वापरणारे लहान यंत्र अखंड तासभर चालले तर 420 लिटर पाणी खर्च होते. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण दरडोई दररोज 135 लिटर धरले जाते, म्हणजे तीन माणसांचे दिवसाचे पाणी एका तासात गेले. हे खरे असले तरी, तेवढीच जागा उघड्या नळीने धुतली असता मिनिटाला अधिक पाणी वाहते आणि वेळही अधिक लागतो, हेही तितकेच खरे आहे. म्हणून आधी कोरडा झाडू, मग खरवडणी, आणि अखेरीस झोत असा क्रम ठेवावा. एप्रिल-मेच्या टंचाईत आवार धुण्याची कामे घेऊ नयेत. सोसायटीत शुद्ध केलेले सांडपाणी किंवा विहिरीचे पाणी असेल तर फरशीसाठी ते वापरावे. मात्र विंधणविहिरीच्या क्षारयुक्त पाण्याचा काचेस स्पर्श झाल्यास पांढरे डाग राहतात, याचे भान असू द्यावे. मुंबईत पर्जन्यजलाची गटारे मैलापाण्याच्या वाहिन्यांपासून वेगळी असून ती खाडीस आणि समुद्रास मिळतात. त्यामुळे आवारातून वाहून गेलेले ॲसिड शुद्धीकरणावाचून तेथवर पोहोचते, हेही विसरून चालणार नाही.

आता जमाखर्च. समजा, यंत्र, नळी, गन आणि नोझले मिळून 60,000 रुपये पडले, यंत्राचे आयुष्य तीन वर्षे धरले, आणि पावसाळ्याचे चार महिने वजा जाता वर्षातून आठ महिने, दरमहा दहा दिवस ते चालले, तर 240 दिवसांवर ही रक्कम वाटली जाऊन दिवसाला 250 रुपये नुसता घसाराच बसतो. काम निम्म्यानेच मिळाले तर तो 500 होतो. त्यावर पंपाचे तेल, झिजणारी सीले, वाहतूक आणि गड्यांची रोजंदारी. खिडक्यांचे काम दरमहा येते, धुलाईचे वर्षातून एकदा किंवा दोनदा, बहुधा पावसाळा सरल्यावर दिवाळीच्या तोंडावर. तेव्हा सुगीच्या आठवड्यांतील मिळकत पाहून वर्षाचा अंदाज बांधू नये. 2015 पासून मुद्रा योजनेखाली लहान धंद्यांस तारणावाचून कर्जाची सोय झालेली आहे, परंतु कर्ज मिळते हे यंत्र विकत घेण्याचे कारण होऊ शकत नाही. पहिला एक हंगाम यंत्र भाड्याने आणून काम करावे, मागणी खरी आहे अशी खात्री पटली म्हणजे खरेदी करावी. दर चौरस फुटावर ठरवावा. करारनाम्यात पाणी आणि वीज कोणाची, वाहने कोणी हलवावयाची, पूर्वीच्या भेगांची नोंद काय, हे सारे लिहून घ्यावे आणि आरंभीची छायाचित्रे जोडावीत. नुकसानभरपाईचा विमा हा खर्च नसून भांडवलाचाच भाग समजावा.

अखेरीस एक विनंती सोसायट्यांच्या चिटणीसांना आणि कमिटीच्या सभासदांना. दरपत्रके उघडताना सर्वांत कमी आकड्यावर बोट ठेवण्यापूर्वी, हा मनुष्य नमुना धुऊन दाखवितो काय, त्याच्या गड्यांस पट्टे, बूट आणि चष्मे आहेत काय, आणि जे धुऊ नये त्यास तो नाही म्हणतो काय, एवढे तीन प्रश्न अवश्य विचारा. आणि या धंद्यातील तरुणांना माझे सांगणे असे की, यंत्र कोणासही विकत घेता येते. परंतु काचेवर ओरखडा न उमटू देणारा हात तुम्ही मेहनतीने कमावला आहे. तोच हात गनच्या खटक्यावर ठेवा, कामगाराचा जीव आणि गिऱ्हाइकाची इमारत यांची जोखीम आपली माना, आणि मगच या नव्या शाखेची पाटी लावा.