झाड आपले, परवाना त्यांचा

(जिल्हा बैठकीतील भाषण)



हद्दवाढ होऊन शिवार नगरपरिषदेत गेले, की घरपट्टीची चर्चा होते. धुऱ्यावरच्या झाडाची कोणी करत नाही. आज ती करू.

शिवार ग्रामीण भागात असते तोवर 1964 चा वृक्षतोड कायदा लागू. त्याला यादी आहे : साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा, खैर, चंदन वगैरे. बाभूळ त्यात नाही. शहराची हद्द आली की 1975 चा नागरी कायदा येतो. तिथे अशी यादी नाही. बाभूळ असो की बोर, वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करा, पाहणी होईल, झाडावर नोटीस लागेल, हरकती येतील. जाळणे, इजा करणे हेही तोडण्यातच धरले आहे. म्हणून फांद्या छाटण्याआधीसुद्धा विचारा. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे वा अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरले. तोडलेल्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी नवी झाडे लावायची. चाळीस वर्षांची बाभूळ पाडली तर चाळीस झाडे!

शहराला असा नियम हवा, हे मला मान्य आहे. तिथे झाड पाडून फायदा एकाचा होतो, सावली सगळ्यांची जाते. शेतात हिशेब उलटा. सावलीत कपाशीच्या पात्या गळतात, ज्वारीचे कणीस भरत नाही. हा तोटा सोसून शेतकरी झाड राखतो. कारण वखराला लाकूड, शेळीला पाला, फवारणीला निंबोळी तिथूनच मिळते. दुष्काळात झाड विकून बियाण्याचे पैसे उभे राहतात. झाड ही कोरडवाहूची बँक आहे. पैसे काढायला परवाना लागणार असेल, तर ठेवील कोण? धुऱ्यावर उगवलेले रोप तो वीतभर असतानाच उपटतो. मोठे झाड वाचवायला केलेला कायदा असा रोपाच्या मुळावर येतो.

यात बदल होऊ शकतो. बांबू हे गवत. पण वन कायद्यात तो वृक्ष होता. 2017 मध्ये वनाबाहेरचा बांबू त्यातून वगळला. कर्नाटकाने 2001 मध्ये शेतातल्या चंदनावर मालकाचा हक्क मानला.

तेव्हा तीन कामे करा. सातबारावर झाडांची नोंद करून घ्या. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. परवानगी हाती येईपर्यंत कुऱ्हाड उचलू नका. आणि हद्दवाढीवर हरकती मागवतील तेव्हा गावाने एकमुखाने लिहून द्या : जमीन शेतीखाली आहे तोवर धुऱ्यावरचे झाड हे शेतीचेच पीक समजा.