राखाडी चित्र आधीच हातात होतं

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)

पत्रिकेत विषय 'चित्रांचं रूपांतर आणि बारकोड' असा छापलाय. तो वाचूनही आपण इतके जण आलात, त्याचं थोडं श्रेय सभागृहातल्या पंख्यांना द्यायला हवं.

सुरुवात औषधाच्या दुकानापासून करतो. ओळखीच्या एका दुकानदार काकांना मालाची मोजदाद करायला मी अँड्रॉइडचं छोटं ॲप करून दिलं. माझ्या फोनवर ते झकास चाले. काकांच्या फोनवर मात्र ग्लुकोजच्या पुड्यावरचा उभ्या रेघांचा बारकोड कधी लागे, कधी नाही. आणि औषधाच्या खोक्यावरचा क्यूआर कोड एकदाही लागेना. १ ऑगस्ट २०२३पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर असे कोड सक्तीचे झालेत, म्हणजे अडचण किरकोळ नव्हती. काका म्हणाले, "अहो, माझा कॅमेरा तर तुमच्यापेक्षा भारी आहे!" होताच.

आता आधीचा माझा शहाणपणा ऐका. बारकोड वाचायला रंग लागत नाही. काळं कुठं संपतं आणि पांढरं कुठं सुरू होतं, एवढंच कळावं लागतं. मी मात्र कॅमेऱ्याकडून आलेली प्रत्येक फ्रेम आधी जेपेग करत होतो, मग ती उलगडून लाल-हिरवा-निळा अशी आरजीबी, आणि शेवटी पुन्हा राखाडी. जेपेग चित्राचे ८×८ चे चौकोन पाडून बारकावे गाळतं. निसर्गचित्रात ते खपून जातं, पण बारीक रेघेच्या कडेला धुरकट लहरी उठतात. म्हणजे नेमकी जी कड हवी, तीच मी खरवडत होतो.

खरं तर राखाडी चित्र कॅमेरा आपण होऊन देतो. अँड्रॉइडची फ्रेम सहसा वाययूव्ही स्वरूपात येते: वाय म्हणजे उजेड, यू आणि व्ही म्हणजे रंग. ही विभागणी टीव्हीकडून आलेली. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हा आपल्या घरांतले काळे-पांढरे संच कुणी भंगारात टाकले नाहीत. लहरींमध्ये उजेडाचा भाग वेगळा होता, जुना संच तेवढाच उचले. बारकोड वाचणाऱ्या ॲपनं त्या जुन्या संचासारखं वागावं, बस.

७२०×४८० ची फ्रेम घ्या. वायचे ३,४५,६०० बाइट. चार ठिपक्यांत मिळून यू-व्हीची एकच जोडी, म्हणून सगळं धरून ५,१८,४००. हीच फ्रेम चार बाइटांच्या आरजीबीत नेली की १३,८२,४००. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे सव्वाचार कोटींच्या आसपास बाइट नुसते इकडून तिकडे. फोन तापतो तो उगाच नाही.

मी जेपेग काढलं, थेट वाय वाचायला घेतला. काकांच्या फोनवर रडगाणं तेच! शेवटी तो वाय फाइलीत उतरवून उघडला. चित्राच्या तिरक्या चिंध्या झालेल्या.

कारण असं: काही फोन प्रत्येक ओळ सोयीच्या आकड्याला नेऊन संपवतात. ७२० ठिपक्यांची ओळ, पण स्मृतीत जागा ७६८ ची. शेवटचे ४८ बाइट भरताड. मी ७२० मोजून पुढची ओळ सुरू करत होतो, त्यामुळे दर ओळ ४८ ठिपके सरकत गेली. जेपेग करतानाही हेच चुकत होतं. माझ्या फोनवर ओळ नेमकी ७२० चीच होती.

आणि इथं काकांच्या तक्रारीचा उलगडा होतो. उभ्या रेघांचा कोड वाचायला एकच आडवी ओळ पुरते. पुड्यावरच्या तेरा अंकी कोडाची रुंदी ९५ घरांची. ती ओळीत सलग सापडली तर चित्र कितीही सरको, कोड लागतो. क्यूआरचं तसं नाही. त्याच्या तीन कोपऱ्यांतले चौकोन काळं-पांढरं १:१:३:१:१ या प्रमाणानं ओळखतात, आधी आडवं, मग उभंही. आडवं जमे, उभं पाहिलं की सगळं विस्कटलेलं. अर्धवट बिघाडानं चूक कुठं आहे तेच दाखवलं होतं, मी तिकडे बघत नव्हतो.

ओळीची खरी लांबी कॅमेरा स्वतःच सांगतो, विचारलं तर. दोन ओळी बदलल्या आणि दुकानात गेलो. काकांनी खोकल्याच्या औषधाचं खोकं फोनसमोर धरलं. "लागला," म्हणाले, आणि गिऱ्हाइकाला सुटे मागायला वळले.